पडद्याबाहेरचे दस्तगीरचाचा

दस्तगीरचाचांनी कुणाच्याही ईसीजीच्या पट्टीला कधी 'नॉर्मल' म्हटलं नाही. नातेवाईक दारात ताटकळत उभे असायचे. "चाचा, नॉर्मल हाय ना?" असं विचारायचे. चाचा ईसीजीच्या कागदाची घडी घालत म्हणायचे, "या घडीला ठीक हाय." तेवढ्यानं कुणाचं समाधान व्हायचं नाही. माणसाला दवाखान्यातून एक ठाम शब्द घेऊन घरी जायचं असतं आणि चाचा नेमका तोच द्यायला तयार नसायचे. एकदा मीच वैतागून म्हटलं, "अहो, म्हणून टाका की नॉर्मल. काय बिघडतं तुमचं?" तर म्हणाले, "मॅडम, ही पट्टी दहा-बारा सेकंदांची. त्याच्या म्होरं काय झालं, हिला काय ठावं?"

हे येरमाळ्याजवळच्या एका खासगी दवाखान्यातलं. हायवेला लागून होता. नाव सांगत नाही, आता त्या नावाचा कुणाला काही उपयोग नाही. मी बीएएमएस होऊन नुकतीच तिथं ड्यूटी डॉक्टर म्हणून लागले होते. मालक एमडी, त्यांना सगळे 'सर' म्हणायचे. सर सकाळी एक फेरी मारायचे, मग दुसऱ्या गावच्या त्यांच्या दवाखान्यात जायचे आणि उरलेला दिवस इकडचा कारभार मोबाइलवरून हाकायचे. ईसीजी काढणं हे दस्तगीर मुजावर यांचं काम. साठीला टेकलेले, किडकिडीत, आवाज बारीक. शर्टाच्या खिशात पोरीच्या कंपासपेटीतला दोन टोकांचा डिव्हायडर. त्याची टोकं एका ठोक्यावरून पुढच्या ठोक्यावर ठेवत ते पट्टीभर चालत जायचे आणि अंतर कुठं चुकलं की तिथं थांबून मान वर करायचे.

स्वभावानं गोड होते असं मात्र म्हणवत नाही. कौसामावशी म्हणजे आमच्या आयाबाई, त्यांच्याशी चाचांचं दिवसातून दोनदा तरी वाजायचं. डबा एकटेच खायचे. त्यांच्या मशिनला दुसऱ्या कुणी हात लावला की दिवसभर फुगून बसायचे. आपल्याला पट्टी वाचता येते याचा त्यांना चांगला गर्व होता आणि आपण डॉक्टर नाही याची सल त्याहून मोठी होती. ती लपवायचे, पण एखादा नवीन डॉक्टर "ए टेक्निशियन" म्हणाला की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

बाई पेशंट असली की चाचा पडद्याबाहेर. हा नियम दवाखान्याचा नव्हता, त्यांचा स्वतःचा. आमच्याकडं येणाऱ्या बायका शेतातल्या, वाडीवस्तीवरच्या. परक्या पुरुषासमोर पदर बाजूला करायचा म्हटलं की अंग आकसून घ्यायच्या. आकसलेल्या अंगाची पट्टी थरथरती येते, नुसता काटेरी कचरा. म्हणून चाचा पडद्याला पाठ करून स्टुलावर बसायचे आणि तिथून कौसामावशींना सांगायचे, "उजव्या हाताला लाल. डाव्याला पिवळा. डाव्या पायाला हिरवा, उजव्याला काळा. आता छाती. गळ्याखालची हाडाची खोबण सापडली? तिथून खाली या. बरगड्या मोजा. चौथ्या फटीत, हाडाच्या उजवीकडं एक, डावीकडं एक." सहा जागा तोंडपाठ. कौसामावशी आतून "व्हय… व्हय… लागला" म्हणत जायच्या. मशिन बाहेर, तारा पडद्याखालून आत. चाचा कागद निघताना बघायचे आणि तेवढ्यावरून आत काय चुकलंय ते सांगायचे.

माझी फजिती पहिल्याच आठवड्यात झाली. एका म्हातारीची पट्टी हातात आली. पहिली ओळ सगळी उलटी, टोकं खाली गेलेली. मी पुस्तकात वाचलं होतं, काही माणसांचं हृदय जन्मतःच उजवीकडं असतं. मी एवढी हरखले की सरांना फोन लावायला निघाले. चाचा शांतपणे म्हणाले, "मॅडम, काळीज इतक्या लवकर हलवू नका. मावशीनं हात बदललेत." मावशी पेशंटकडं तोंड करून उभ्या. त्यांचा उजवा तो म्हातारीचा डावा. लाल पिवळ्याच्या जागी गेला होता. मी हट्टानं विचारलं, "कशावरून? खरंच उजवीकडं असेल तर?" चाचांनी पट्टीचा खालचा भाग पुढं केला. "छातीवरच्या सहा ओळी बघा. पहिलीपासून टोक वाढत चाललंय ना? काळीज उजवीकडं असतं तर ते कमी कमी होत गेलं असतं. हाताच्या तारा खोटं बोलाय लागल्या की छातीच्या तारांना इचारायचं." तारा बदलल्या. पट्टी सरळ आली. म्हातारीला काही झालेलं नव्हतं. ती आपली घाबरून विचारत होती, "करंट देऊन झाला का रं बाबा?" चाचा बाहेरून ओरडले, "आई, आमी करंट देत न्हाय, तुमचाच घेतो!" म्हातारी हसली.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं शिकायला लागले. शिकवण्याची त्यांची पद्धत मला अजून पाठ आहे. आधी नाव, वय, वेळ. मग कडेची चौकोनी खूण, ती दहा छोटी घरं उंच आहे का बघायची. नसेल तर मशिनची मापं बदललेली आहेत, पुढं वाचायचंच नाही. मग वेग. एक उंच टोक जाड रेषेवर धरायचं आणि पुढच्या टोकापर्यंत प्रत्येक जाड रेषेला म्हणत जायचं, "तीनशे, दीडशे, शंभर, पंचाहत्तर, साठ, पन्नास." शाळेत पाढे म्हणतात तसं मोठ्यानं म्हणायला लावायचे. मग ताल, डिव्हायडर लावून. मग टोकाआधीची छोटी टेकडी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी काम केलं का. मग उंच टोक, म्हणजे खालच्या कप्प्यांनी जोर लावला. ते अरुंद पाहिजे, रुंद झालं की वीज वाट चुकून आली. त्याच्या मागची ओळ सपाट पाहिजे. आणि शेवटची गोल टेकडी, म्हणजे हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागलं. "या शेवटच्या दोन ठिकाणी लक्ष," ते म्हणायचे. "काळजाला रक्त कमी पडलं की पहिल्यांदा इथं कळतं. पण तिथं डायरेक्ट उडी मारायची न्हाय. वरपासून वाचत यायचं. रोग धुंडायला गेलं की रोग घावतोच."

सरांशी त्यांचं फाटलं ते त्या चौकोनी खुणेवरून. एकदा सरांनी राऊंडला चार विद्यार्थी आणले होते. एका गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, पट्टी हातात धरून सर सांगत होते की टोकं किती बुटकी आहेत बघा, हृदयाभोवती पाणी झालेलं असू शकतं. गुत्तेदाराच्या तोंडचं पाणी पळालं. चाचा मशिनजवळ गेले, एक बटण दाबलं, दुसरी पट्टी काढली आणि सरांच्या हातात दिली. टोकं नेहमीसारखी उंच. पहिल्या वेळी कुणीतरी मशिन अर्ध्या मापावर ठेवलं होतं आणि खूण अर्धी असल्याचं सरांनी पाहिलं नव्हतं. विद्यार्थी एकमेकांकडं बघत राहिले. सर म्हणाले, "मशिन खराब झालंय, बदलायला पाहिजे." मशिन बदललं नाही. पण तेव्हापासून सर चाचांशी बोलायचे ते माझ्यामार्फत, चाचा समोर उभे असले तरी. "त्यांना सांग, काम करा, मत देऊ नका."

मला वाईट वाटायचं, पण मी बोलत नव्हते. नवीन नोकरी, सरांची मर्जी, हे सगळं होतंच. उलट चाचांकडून शिकलेलं सरांपुढं माझं म्हणून सांगायचे आणि शाबासकी घ्यायचे. चाचांना ते कळत होतं. एकदा एवढंच म्हणाले, "मॅडम, पाठ केलं ते बरं केलंत. पण पट्टी लावायला पण शिका. तुमी बाई हाव. तुमी आत जाऊन लावली तर मला पडद्याबाहेर बसून वरडावं लागणार न्हाय." मी हसून टाळलं. एवढं शिकून मी काय तारा लावत बसणार होते? त्या वेळी माझ्या डोक्यात खरंच असं आलं होतं, हे मला आज लिहितानाही टोचतं.

येडेश्वरीच्या चैत्री यात्रेचे दिवस होते. ऊन असं की दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. यात्रेला आलेली माणसं चक्कर येऊन पडायची आणि ट्रॅक्टर, टेम्पो, मिळेल त्या वाहनातून आमच्याकडं यायची. एकेका बेडवर दोघं झोपवलेले. अशात दुपारी एकच्या सुमाराला शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एका गावची सुमनबाई आली. चाळिशीची, उपवासाची. घामानं निथळत होती, दोनदा उलटी झाली होती, जबडा धरून बसली होती. तिचा नवरा नामदेव आणि नववीतली मुलगी बरोबर. नामदेव सारखा म्हणत होता, "ऊन लागलंय तिला, सकाळपास्नं अनवाणी हाय."

मी ईसीजी सांगितला. कौसामावशी आत, चाचा बाहेर. पट्टी निघाली. चाचांनी डिव्हायडर लावला, वाचली, मग परत पहिल्यापासून वाचली. माझ्या टेबलाशी आले आणि छातीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, शेवटची टेकडी बघा. जरा जास्तच उंच अन् फुगीर वाटतीय. बाकी काय न्हाय. पण जबडा दुखतोय म्हणती, काळजाचं दुखणं तिथंबी येतं. पंधरा मिनटांनी परत काढू. तिला हालवू नका."

मी पट्टीचा फोटो सरांना पाठवला आणि फोन केला. चाचा काय म्हणतात तेही सांगितलं. तीच चूक झाली. "दस्तगीर म्हणतो?" सर म्हणाले. "तू डॉक्टर आहेस की तो? नॉर्मल आहे ती पट्टी. उन्हाचा त्रास आहे. सलाइन संपलं की सोड, बाहेर रांग लागलीय." मी सलाइन संपण्याची वाट बघितली. चाचा दोनदा आले. दुसऱ्या वेळी मशिन ढकलत आले. "मॅडम, तुमी सवता आत जाऊन लावा. दोन मिनटांचं काम हाय. मी बाहेर हाय." त्यांच्या आवाजात विनवणी होती. मी त्यांना आधी कधी कुणाला विनवताना पाहिलं नव्हतं. माझ्यापुढं ओपीडीचे पंचवीस कागद होते. मी म्हटलं, "चाचा, सरांनी बघितलंय." आणि डिस्चार्जवर सही केली.

सुमनबाई टेम्पोत, घरी पोचायच्या आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावची साठ-सत्तर माणसं दारात. सर तासाभरात आले. मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आरडाओरडा केला नाही. शांतपणे म्हणाले, "डिस्चार्जवर सही कुणाची आहे?" मी म्हटलं, "माझी." "मग आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर पट्टी बरोबर होती आणि तू बघितली नाहीस. नाहीतर पट्टीच चुकीची काढली गेली. तो माणूस पडद्याबाहेर बसतो आणि आयाकडून तारा लावून घेतो, हे सगळ्यांना माहीत आहे. विचार कर." त्यांनी कोरा कागद पुढं केला.

विचार मी फार केला नाही. मी लिहिलं की टेक्निशियनने स्वतः तारा लावल्या नाहीत, बाहेरून सूचना दिल्या. त्यामुळं तारांच्या जागा चुकल्या आणि पट्टी भरवशाची आली नाही. मला ठाऊक होतं की पट्टी बिनचूक होती. पहिली ओळ सरळ, छातीवरचं टोक पहिलीपासून वाढत गेलेलं, खूण दहा घरं उंच. हे तपासायचं कसं, ते मला याच माणसानं शिकवलं होतं. बायकांची लाज राखायला तो ज्या पडद्याबाहेर बसला, त्याच पडद्याचं मी खापर केलं आणि त्याच्या डोक्यावर फोडलं.

सरांनी तो कागद चाचांना वाचायला दिला. मी तिथंच उभी होते. वाटलं होतं ओरडतील, मला विचारतील, निदान माझ्याकडं बघतील तरी. त्यांनी तो वरपासून वाचला. नाव, वय, वेळ. मग मजकूर, एक एक ओळ. शेवटी माझी सही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वेळ बरोबर लिहिलीया." मशिनवर कापड घातलं, डबा घेतला आणि गेले. कौसामावशी दाराशी उभ्या राहून रडत होत्या. त्यांनी लोकांसमोर सांगायचा प्रयत्न केला, की "म्या बरोबर लावल्या हुत्या, चाचानं परत काढा म्हणलं हुतं." आयाबाईचं कोण ऐकतं? सरांनी हात जोडले, 'दोषी कर्मचाऱ्याला कामावरून काढलं' असं जाहीर केलं, कागदाची एक झेरॉक्स नामदेवच्या हातात दिली, आणि दुपारपर्यंत ओपीडी सुरू झाली. ओपीडीत मीच होते.

पुढं कळलं की चाचांना आसपास कुठंच काम मिळालं नाही. ही गोष्ट दवाखान्या-दवाखान्यांतून फिरली, अर्थात माझ्या कागदातली. ते उमरग्याजवळच्या मुरुमला भाच्याकडं गेले. मी वर्षभरानं नोकरी सोडली आणि स्वतःचा दवाखाना टाकला. आता बाई पेशंट असली की तारा मीच लावते. लोक म्हणतात, मॅडम लई काळजीनं बघतात. मी ऐकून घेते.

चार वर्षांनी ते मला दिसले. येरमाळ्याच्या स्टँडवर, उमरग्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. आणखी वाळले होते. खिशात डिव्हायडर नव्हता. मला बघून उठून उभे राहिले. "मॅडम, बऱ्या हाव?" त्यांचं ते उठणं मला सहन झालं नाही. मी सगळं एका दमात बोलून टाकलं. चुकले, घाबरले होते, सरांनी सांगितलं, मला माफ करा. डोळ्यांत पाणीही आलं. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

चाचा माझं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मला कशाला सांगताय? मला ठाव हायच की."

मी डोळे पुसले.

"म्या गेलतो त्या घरी. तेराव्याच्या दिवशी. म्हणलं, खरं काय ते सांगावं. नामद्याला म्हणलं, बाबा, म्या परत काढा म्हणून सांगितलं हुतं. त्यानं तुमचा कागद आणला. पोरीला वाचाय लावला. तिनं सगळ्यांम्होरं वाचला, तुमची सही धरून." ते परत बाकावर बसले. "मग त्यानं पायताण काढलं. त्याचं काय चुकलं? डॉक्टरनं लिव्हून दिलंय, अन् ह्यो तारवाला येऊन सांगतोय न्हाय म्हणून."

"चाचा…"

"नोकरी गेली तर गेली. वय झालतंच. पण ती पोरगी कुठंबी माझं नाव निघालं की म्हणती, ह्यानं माझ्या आईला मारलं. भाच्याचा एक वळखीचा हाय तिकडं, तो सांगत असतो." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुमी जावा. तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात. तेवढं एक करा."

"जाते," मी म्हटलं. "नक्की जाते."

"कधी?"

"येत्या रविवारी."

त्यांनी मला गावचा रस्ता समजावून सांगितला. पांढरी फुटकी वेस, तिथून डावीकडं, पाण्याच्या टाकीमागचं तिसरं घर. मी ऐकतेय का, हे बघत दोनदा सांगितला. गाडी लागली. ते चढले, खिडकीशी बसले. हात हलवला नाही. गाडी मागं घेईपर्यंत माझ्याकडंच बघत होते. खिडकीतून बोट काढून एकदा वाशीच्या बाजूला दाखवलं, आणि मी मान हलवली.

त्याला आता दोन वर्षं झाली. माझ्या दवाखान्यापासून ते गाव गाडीनं पाऊण तासावर आहे. रविवारी मी दवाखाना बंद ठेवते. मी अजून गेलेले नाही.